‘हानासाकु इरोहा’मधलं ऑनसेन खरं कुठे आहे आणि आपल्याला तिथे अंघोळ जमेल का?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला, इथे थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. मुलगी सोळा वर्षांची आहे, ‘हानासाकु इरोहा’ ही ॲनिमे मालिका बघून तिला त्यातलं किस्सुइसो नावाचं रियोकान (जपानी पद्धतीचं पारंपरिक निवासगृह) आणि युनोसागी हे ऑनसेन, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव बघायचंय, इन्स्टावर एकाने लाल पुलाचा फोटो टाकून ‘हेच ते खरं’ म्हटलंय, दुसऱ्याने तैवानचा टाकलाय, तुम्ही ऑक्टोबरमध्ये दहा दिवस जपानला चाललाय, बरोबर सासूबाई आहेत, घरात पूर्ण शाकाहार, आणि अगदी शेवटच्या ओळीत तुम्ही विचारलंय की तिथे सगळ्यांसमोर कपडे काढून अंघोळ करावी लागते हे खरं का.

मी मराठी गटांना जपान दाखवते, दुभाषी म्हणूनही काम करते, आणि माझ्या अनुभवात अडतं ते या शेवटच्या ओळीपाशीच. ठिकाणं सापडतात हो. पण लोक इतका खर्च करून तिथपर्यंत जातात, दारात फोटो काढतात आणि पाण्यात पायही न घालता परत फिरतात, आणि मग घरी येऊन म्हणतात की मालिकेत होतं तसं काही वाटलं नाही. कसं वाटणार, ती मालिका आहेच मुळात पाणी, ते सांभाळणारी माणसं आणि त्यांची रोजची कामं यावर. म्हणून मी आधी ठिकाणांचं सांगते आणि मग अंघोळीचं, पण तुम्ही ठरवताना उलट्या क्रमाने ठरवा.

पहिली गोष्ट, इन्स्टावरच्या लोकांनी दोन वेगळ्या कलाकृतींची खिचडी केलीय. लाल पूल आणि तैवान हे दोन्ही ‘स्पिरिटेड अवे’ या २००१ च्या ॲनिमे चित्रपटाच्या नावावर फिरणारे फोटो आहेत. तैवानचं गाव म्हणजे जिउफेन, आणि तिथून काही घेतलेलं नाही हे दिग्दर्शक मियाझाकींनी स्वतः मुलाखतीत सांगितलंय, तरी लोक तिथे जाऊन ‘खरं बाथहाऊस’ म्हणून फोटो काढतातच. ‘हानासाकु इरोहा’ ही २०११ ची, २६ भागांची टीव्ही मालिका, शेजारच्या तोयामा प्रांतातल्या पी. ए. वर्क्स या स्टुडिओची, आणि तिचं गाव बऱ्यापैकी पक्कं माहीत आहे: इशिकावा प्रांतात कानाझावा शहराच्या हद्दीतलं युवाकु ऑनसेन. गाव एवढंसं आहे, एक रस्ता, दोन्ही बाजूंना हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी रियोकानं, वर इनारी या देवाचं देऊळ आणि त्याच्या पलीकडे ग्योकुसेन नावाचं छोटं तळं. तुमच्या मुलीला बसमधून उतरल्या उतरल्या ओळखू येईल.

आता वाईट बातमी. किस्सुइसोत राहता येणार नाही. ते ज्यावरून बेतलं असं मानलं जातं ते हाकुउनरो नावाचं मोठं जुनं हॉटेल युवाकुच्याच डोंगरउतारावर होतं, ते १९९० च्या दशकाच्या शेवटी बंद पडलं आणि नंतर पाडलं गेलं. म्हणजे मालिका आली तेव्हाच ते उरलं नव्हतं. मुलीने मालिका शेवटपर्यंत पाहिली असेल तर तिला हे ऐकून वाईट वाटेल पण पटेल सुद्धा, कारण मालिकेत रियोकान चालवणारी आजी शेवटी काय निर्णय घेते ते तिला माहीत आहे. जपानमध्ये गेल्या तीसेक वर्षांत अशी किती मोठी ऑनसेन हॉटेलं बंद झाली, कंपन्यांच्या सहली थांबल्या, शंभर-शंभर माणसांचे गट येईनात, पुढची पिढी शहरात गेली. मालिकेत रियोकानच्या कर्जाची, रिकाम्या खोल्यांची जी काळजी सतत दिसते ती लेखिकेच्या कल्पनेतली नाही, ती त्या धंद्याची खरी अवस्था आहे.

दुसरं म्हणजे स्टेशन. मालिकेतलं युनोसागी स्टेशन म्हणजे नोतो रेल्वेवरचं निशिगिशी, आणि तिथे ‘युनोसागी’ अशी पाटीसुद्धा लावलेली आहे. पण मालिकेत ते गावाचं स्टेशन असलं तरी प्रत्यक्षात निशिगिशी वर नोतो द्वीपकल्पात आहे आणि युवाकु कानाझावाच्या दुसऱ्या अंगाला डोंगरात, कानाझावाहून नानाओपर्यंत जायचं, तिथून छोटी गाडी बदलायची, जाऊन येऊन एक अख्खा दिवस. लोक सकाळी निशिगिशी आणि दुपारी युवाकु असं कागदावर लिहून आणतात आणि मग दोन्हीकडे धावपळ होते. १ जानेवारी २०२४ च्या ७.६ तीव्रतेच्या भूकंपात नोतोचं फार नुकसान झालं, ही रेल्वेही बंद होती, ६ एप्रिल २०२४ ला ती पूर्ण सुरू झाली. त्याच भागातलं वाकुरा हे मोठं ऑनसेन गाव अजून सावरतंय. तुम्ही गेलात तर त्या गाडीचं तिकीट काढा, नानाओत काहीतरी खा, काहीतरी विकत घ्या, त्या भागाला त्याची खरंच गरज आहे. पण सासूबाई बरोबर असतील तर त्या दिवशी त्यांना कानाझावातच राहू द्या आणि मुलीबरोबर एकानेच जा.

आणि आता चांगली बातमी, जिच्यामुळे मी तुम्हाला इतर सगळं सोडून युवाकुलाच जा म्हणतेय. मालिकेत बोनबोरी उत्सव आहे ना, कंदिलांचा, ज्यात दहाव्या महिन्यात सगळे देव इझुमो या तीर्थक्षेत्री जमतात त्या समजाप्रमाणे तिथल्या छोट्या देवीला वाट दिसावी म्हणून कंदील लावतात आणि लोक आपली इच्छा लिहिलेल्या पाट्या त्याखाली टांगतात, तो उत्सव युवाकुमध्ये आधी नव्हताच. मालिकेसाठी रचलेला. गावाने तो ऑक्टोबर २०११ मध्ये खराखुरा सुरू केला आणि आजही चालवतात. उन्हाळ्यात कंदील लागतात, ऑक्टोबरमधल्या एका शनिवार-रविवारी मुख्य उत्सव असतो, रात्री मिरवणुकीने पाट्या तळ्याकाठी नेऊन अग्नीत अर्पण करतात. मी तिथे उभी राहून बघितलंय, ॲनिमेचे टी-शर्ट घातलेली पोरं आणि गावातले म्हातारे एकाच रांगेत पाट्या घेऊन हळूहळू वर चढत असतात, आणि गावकरी अगदी मनापासून करतात हो, पर्यटकांसाठी नाटक चाललंय असं एक क्षणही वाटत नाही. चित्रातून गावात आलेला सण मी तरी दुसरा पाहिलेला नाही. तुमचा महिना नेमका ऑक्टोबर आहे, तेव्हा सगळ्यात आधी त्या वर्षीची उत्सवाची तारीख बघा आणि विमानाची तिकिटं तिच्याभोवती ठरवा. मात्र त्या रात्री गावात खोली मिळणं जवळपास अशक्य असतं, नेहमी येणारी मंडळी खूप आधी बुक करतात, त्यामुळे मुक्काम कानाझावात ठेवा आणि युवाकुची रात्र आदल्या किंवा नंतरच्या आठवड्यातली साधी, मधल्या वारची घ्या. खरं तर शांत दिवशीच ते गाव जास्त कळतं.

गावाला स्वतःची गोष्टही आहे. ७१८ साली एका माणसाला जखमी पांढरा बगळा पाण्यात उभा दिसला आणि गरम पाण्याचा शोध लागला अशी आख्यायिका, म्हणून तिथल्या सार्वजनिक स्नानगृहाचं नाव शिरासागी नो यू. चित्रकार ताकेहिसा युमेजी १९१७ मध्ये इथे येऊन राहिला होता, त्याचं छोटं संग्रहालय आहे. तळ्याजवळ हिमुरो म्हणजे बर्फाची झोपडी आहे, जानेवारीच्या शेवटी त्यात बर्फ दाबून भरतात आणि ३० जूनला उघडतात, पूर्वी कागा संस्थानाकडून एदोच्या (आताच्या टोकियोच्या) शोगुनला, म्हणजे तेव्हाच्या लष्करी शासकाला, उन्हाळ्यात बर्फ जायचा त्याची ही आठवण.

मुलीला ‘स्पिरिटेड अवे’ पण आवडतो असं तुम्ही लिहिलंय म्हणून त्याबद्दल. त्यातल्या स्नानगृहाची एकच अशी मूळ इमारत नाही, बऱ्याच ठिकाणचे तुकडे जोडलेत. मी लोकांना विचारते की तुम्हाला इमारत बघायची आहे, पाण्यात उतरायचंय की राहायचंय, कारण तिन्ही एका जागी क्वचित मिळतं. जपानमध्ये तीन वेगळे प्रकार आहेत आणि आपण सगळ्यांना बाथहाऊस म्हणून मोकळे होतो. सेन्तो म्हणजे शहरातलं गल्लीतलं स्नानगृह, घरोघरी न्हाणीघरं नव्हती तेव्हाचं, साधं पाणी तापवलेलं. ऑनसेन म्हणजे जमिनीतून येणारं पाणी, १९४८ च्या कायद्याप्रमाणे उगमापाशी २५ अंशांच्या वर किंवा ठरावीक खनिजं असलेलं. ऑनसेनच्या गावात पुन्हा दोन प्रकार, गावाचं सार्वजनिक स्नानगृह जिथे कुणीही तिकीट काढून जाऊ शकतं, आणि रियोकानचं स्वतःचं, जिथे बऱ्याचदा फक्त राहणाऱ्यांना प्रवेश.

इमारतच बघायची तर टोकियोतच, कोगानेईमध्ये, एदो-टोकियो खुलं वास्तुसंग्रहालय आहे. तिथे १९२९ चं कोदाकारा-यू नावाचं सेन्तो अख्खं उचलून आणून ठेवलंय. दारावर देवळासारखं वळणदार छप्पर, खाली खजिन्याच्या जहाजातल्या सात देवांचं कोरीवकाम, आत भिंतभर फुजी पर्वत. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोत अशी देवळासारखी सेन्तो बांधायची पद्धत पडली, चित्रपटातलं स्नानगृह मंदिरासारखं का दिसतं त्याचं उत्तर तिथे उभं राहिलं की मिळतं. तो चित्रपट बनवणारा स्टुडिओ घिबली त्याच उपनगरात आहे, संग्रहालयाचं चिन्ह असलेलं पात्रसुद्धा मियाझाकींनीच काढलंय. कोदाकारा-यूच्याच रस्त्यावर एक जुनं स्टेशनरीचं दुकान आहे, भिंतभर छोटे छोटे ड्रॉवर, चित्रपटातल्या बॉयलर रूममधला सहा हातांचा आजोबा आठवेल. पाणी नाही तिथे, टाक्या कोरड्या. पण सासूबाई बाकावर बसून निवांत बघू शकतात आणि अर्ध्या दिवसात होतं.

लाल पूल म्हणजे गुन्मा प्रांतातल्या शिमा ऑनसेनचं सेकिझेनकान, त्याची जुनी इमारत १६९१ ची. फोटो सगळे पुलाचे काढतात पण मला विचाराल तर खरी चीज म्हणजे आतलं गेनरोकू नो यू, १९३० चं. कमानीच्या उंच खिडक्या, फरशीत खोदलेल्या पाच दगडी टाक्या, कपडे ठेवायची जागा आणि पाणी एकाच दालनात, मध्ये भिंत नाही. दुपारी ऊन खिडक्यांतून वाफेवर पडतं तेव्हा आत जा. शिबु ऑनसेनचं कानागुया, नागानो प्रांतात, १९३६ ची चार मजली लाकडी इमारत, तिथे राहणाऱ्यांनाच आत घेतात, पण शिबुत कुठल्याही रियोकानात राहिलात की गावातल्या नऊ सार्वजनिक स्नानगृहांची किल्ली मिळते, युकाता म्हणजे सुती किमोनो घालून रात्री खडावा वाजवत एकातून दुसऱ्यात फिरायचं. आणि शिकोकूमधल्या मात्सुयामाचं दोगो, तीन मजली लाकडी होनकान (मुख्य इमारत) १८९४ चं, २०१९ पासून दुरुस्ती चालली होती ती संपून जुलै २०२४ मध्ये ते पूर्ण उघडलं, वरच्या मनोऱ्यातला ढोल अजून वाजतो. दोगो मला फार आवडतं तरी तुम्हाला या वेळी नको म्हणेन. ते दुसऱ्या टोकाला आहे. उलट शिमा, शिबु आणि युवाकु ही तिन्ही होकुरिकु शिनकानसेन या बुलेट ट्रेनच्या एकाच लाइनवर बसतात: टोकियोहून ताकासाकीला उतरून शिमा, नागानोला उतरून शिबु, आणि कानाझावाला उतरून युवाकु. फक्त गाडी हाकुताका घ्या, कागायाकी ताकासाकीला थांबत नाही. दहा दिवसांत यातली दोन करा, तिसऱ्याचा हट्ट नको, सासूबाईंना रोज बॅगा भरायला लावू नका.

आता अंघोळ. हो, कपडे पूर्ण काढायचे असतात, स्विमसूट चालत नाही, पण बायका आणि पुरुष वेगळे असतात, दारावरचा पडदा बघून जायचं. आणि पडदे कधीकधी रात्री बदलतात, काल बायकांचं होतं ते आज पुरुषांचं असू शकतं, सवयीने शिरू नका. आपल्याकडे वज्रेश्वरीला किंवा राजापूरजवळच्या उन्हाळे गावी आपण कपड्यांसकट कुंडात उतरतो, सवय तीच, त्यामुळे पहिल्यांदा संकोच वाटणारच, त्यात चुकीचं काही नाही. मी माझ्या गटातल्या बायकांना सांगते की आत गेल्यावर पहिलं काम बघण्याचं नाही, बसण्याचं आहे. नळासमोर बुटकं स्टूल आणि बादली असते, तिथे पाठमोरं बसायचं, साबण लावून स्वच्छ धुवायचं, स्टूलही धुवून जागेवर ठेवायचं, केस वर बांधायचे, आणि मग पाण्यात. बसून धुण्यात पाच-सात मिनिटं जातात तोवर लक्षात येतं की कुणीही तुमच्याकडे बघत नाहीये. छोटा पंचा मिळतो तो चालताना पुढे धरायचा, पाण्यात नाही बुडवायचा, बायका घडी करून डोक्यावर ठेवतात. सोळाव्या वर्षी आई आणि आजीबरोबर जायला मुलीला जास्तच अवघड वाटेल, तिला वेगळ्या वेळी एकटीला जाऊ द्या, पहाटे पाच-सहाला बहुतेक वेळा कुणी नसतं.

तरीही नकोच वाटलं तर काशिकिरी मागा, म्हणजे तासभर फक्त तुमच्या कुटुंबासाठी राखून ठेवलेलं छोटं स्नानगृह, बऱ्याच रियोकानांत असतं, कुठे फुकट कुठे थोडे पैसे घेऊन. सासूबाईंसाठी मी पहिल्या दिवशी हेच करेन.

सासूबाईंच्या हातावर, कपाळावर गोंदण आहे का ते तुम्ही लिहिलं नाहीये. असेल तर बुकिंग करतानाच सांगा, कारण बऱ्याच ठिकाणी टॅटूला बंदी असते, तो नियम तिथल्या गुंडांच्या टोळ्यांमुळे आलाय, पण नियम म्हटल्यावर दारावरच्या मुलीला आजीचं तुळशीवृंदावन आणि बाकीचं यात फरक करता येत नाही. आधी सांगितलं, दोन ओळीत समजावलं, की बहुतेक मालक हो म्हणतात किंवा त्वचेच्या रंगाची चिकटपट्टी लावा म्हणतात. दारात अडवलं गेलं तर म्हाताऱ्या माणसाला फार लागतं, ते टाळता येण्यासारखं आहे. दुसरं, गंधकाचं पाणी असेल तिथे चांदीची जोडवी, पैंजण काळे पडतात, खोलीत काढून ठेवा.

तब्येतीचं सगळ्यांना एकच सांगता येत नाही. ब्लडप्रेशर, हार्टचं काही असेल तर डॉक्टरांना विचारूनच. पाणी साधारण ४० ते ४२ अंश असतं, ते पहिल्यांदा जाणाऱ्याला खूप गरम लागतं. आधी पायांवर, मग अंगावर बादलीने पाणी घ्यायचं, दोन-तीन मिनिटं बसून बाहेर, परत. जेवल्या जेवल्या नाही, आणि नंतर पाणी प्यायचं. उठताना चक्कर येते ती याच घाईमुळे.

जेवणाचं गणित मात्र खरंच अवघड आहे आणि मी गोड बोलणार नाही. रियोकानचं बुकिंग बहुतेक माणशी, रात्रीचं जेवण आणि नाश्ता धरून असतं, आणि ते जेवण हेच त्यांचं वैभव. मालिकेत स्वयंपाकघरातली धावपळ किती दाखवलीय बघा. त्यात मासे असतातच, आणि नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर मासा काढतील पण रस्सा बोनितो माशाच्या दाशीचाच, म्हणजे अर्काचाच राहील. म्हणून स्पष्ट लिहा: मांस नको, मासे नकोत, माशाची दाशीही नको, कोंबू (समुद्री शेवाळ) किंवा शिताके मशरूमची दाशी चालेल, अंडं चालतं की नाही तेही. निदान दोन आठवडे आधी. लहान रियोकान नाही म्हणालं तर रागावू नका, त्यांच्याकडे एकच आचारी असतो. मग फक्त खोली घ्यायची, सुदोमारी म्हणतात, कानाझावात जेवून जायचं, किंवा कन्व्हिनियन्स स्टोअरमधला तयार भात आणि घरचं मेतकूट, खोलीत बाहेरचं खायला चालेल का एवढं विचारून. जेवणासकट घेतलंत तर चारपर्यंत पोचा. रात्रीचं जेवण सहा-साडेसहाला लागतं, आपले लोक आठला उगवतात आणि तिकडे ताटं मांडून बायका तासभर उभ्या असतात. वेळेत पोचलात की ओकामी, म्हणजे रियोकानची मालकीण, दारात येईल, चहा येईल, तुम्ही जेवायला गेलात की मागे फुतोन म्हणजे गाद्या अंथरल्या जातील, आणि मालिकेची नायिका ओहाना दिवसभर जे काम करत असते ते तुमच्या मुलीला समोर घडताना दिसेल. तातामीवर म्हणजे खोलीतल्या चटयांवर चाकांची बॅग ओढू नका, मोठ्या बॅगा टोकियोहून कुरियरने थेट कानाझावाच्या हॉटेलवर पाठवा.

तर माझा क्रम असा राहील: उत्सवाची तारीख, मग विमान, मग कानाझावातल्या दोन-तीन रात्री, त्यातून युवाकुची एक रात्र मधल्या वारी, काशिकिरी असलेलं रियोकान, येताना किंवा जाताना शिमाची एक रात्र, आणि टोकियोत कोगानेईचा अर्धा दिवस. निशिगिशी जमलं तर. कानाझावाहून युवाकुला बस जाते, पाऊण-एक तास लागतो, पण फेऱ्या कमी आहेत आणि संध्याकाळच्या तर फारच कमी, तेव्हा परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरल्या उतरल्या थांब्यावर बघून घ्या. सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे का आणि अंडं चालतं का तेवढं इथे खाली लिहा, मग रियोकानला पाठवायचा मेल मी जपानीतून लिहून देते.